विळी माळ्यावर गेली तेव्हा

गेल्या श्रावणात आमच्या स्वयंपाकघरातली विळी माळ्यावर गेली. ती तिथे ठेवणारी मीच. स्वच्छ धुतली, पुसली, पात्यावरून गोडेतेलाचे बोट फिरवले, वर्तमानपत्राच्या दोन पानांत गुंडाळली, सुतळीने बांधली आणि स्टुलावर चढून जुन्या समयांच्या मागे सरकवून दिली. हे सगळे करताना आपण शहाणपणाचे काम करीत आहोत याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

कारणही तसेच होते. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या. त्या दिवशी त्या नेहमीच्या जागी, ओट्याखाली पाट घेऊन, काकडी चोचवत बसल्या होत्या. काकडी चोचवणे म्हणजे काय हे आता सांगावे लागते. सोललेल्या काकडीचे टोक विळीच्या पात्यावर भराभर आपटून त्याला उभ्या-आडव्या बारीक चिरा पाडायच्या आणि मग तेवढाच थर कापून घ्यायचा. दाण्यादाण्याएवढी काकडी ताटात पडते. किसलेल्या काकडीसारखे तिला पाणी सुटत नाही आणि कोशिंबिरीत ती दाताखाली लागते. हे काम सासूबाईंनी साठ वर्षे केले असेल. त्या दिवशी मात्र हात घसरला आणि पाते अंगठ्याच्या मुळाशी लागले. हृदयाच्या तक्रारीसाठी त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे, त्यामुळे अर्धा तास झाला तरी रक्त थांबेना. शेवटी दवाखान्यात जाऊन दोन टाके घालावे लागले. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता हे बंद." सासूबाई काही बोलल्या नाहीत. मी मात्र घरी येताच विळी उचलली.

विळीच्या जागी दोरी ओढायचा चॉपर आला. प्लास्टिकचे गोल भांडे, आत तीन पाती, झाकणाला दोरी. पाच-सात हिसके दिले की कांदा बारीक. आमच्या सांगलीच्या बाजारात आता तो भाजीच्या गाड्यांशेजारीही विकायला असतो. असल्या वस्तूंचा मला मनापासून लोभ आहे हे आधीच कबूल करते. सकाळी साडेसातचे पहिले लेक्चर घेणाऱ्या बाईने यंत्रांविरुद्ध लिहिणे हा कृतघ्नपणा ठरेल. कुकर, मिक्सर, फ्रिज आणि गॅस यांच्या जिवावर मी एम.ए. केले, नेटची तयारी केली, आणि आज वर्गात उभी राहून लोकसाहित्य शिकवते. शिवाय माझ्या ओट्याखालचा खण हे पराभूत यंत्रांचे वस्तुसंग्रहालय आहे. लसूण सोलायची रबरी नळी, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या करणारी तारांची चौकट (आमच्याकडे अंडे महिन्यातून एकदा), आणि विजेवर चालणारा पोळीमेकर. हा शेवटचा ऐवज मी हौसेने आणला. त्यातून निघालेली पहिली पोळी नवऱ्याने हातात घेऊन उजेडासमोर धरली आणि फार गंभीरपणे विचारले, "हिच्यावर काही लिहायचं आहे का?" असो.

चॉपर मात्र पराभूत झाला नाही. मी वापरते, मुलगा वापरतो, नवराही कधीमधी ऑम्लेटपुरता वापरतो. म्हणून काही बिघडले आहे हे लक्षात यायला मला जवळजवळ महिना लागला.

लक्षात आले ते एका प्रश्नामुळे. मी कॉलेजातून परतले, पर्स ठेवली, आणि हॉलमध्ये बसलेल्या सासूबाईंनी विचारले, "आज भाजी काय केली आहेस?" साधा प्रश्न. पण माझ्या लग्नाला तेवीस वर्षे झाली, आणि हा प्रश्न त्यांनी मला त्यापूर्वी कधीही विचारला नव्हता. विचारण्याची गरजच नव्हती. भाजी कोणती हे या घरात सर्वांत आधी त्यांनाच माहीत असे, कारण ती त्यांनीच चिरून ठेवलेली असे. आदल्या रात्री गवार मोडून, सकाळी मेथी निवडून-चिरून, दोडक्याच्या शिरा चटणीसाठी वेगळ्या काढून. फोडणी माझी, चिरणे त्यांचे. असा करार आमच्यात कधी बोलून झाला नव्हता. तो आपोआप पडत गेला. आता मी मागे वळून पाहू लागले तेव्हा दिसले की विळी गेल्यापासून सासूबाई स्वयंपाकघरात जवळजवळ येतच नव्हत्या. पाणी प्यायला येत आणि पेला विसळून जात. वर्तमानपत्र दोनदा वाचत, एकदा बातम्यांसाठी आणि एकदा वेळेसाठी. मला वाटत होते, हात दुखतो आहे, बरा होईल. हात केव्हाच बरा झाला होता.

मग त्यांना चॉपर का चालत नव्हता? मी एकदा त्यांच्यापुढे तो ठेवला होता. त्यांनी दोरी ओढून पाहिली, भांडे बाजूला सारले आणि म्हणाल्या, "यातून कांदा निघाला काय अन् कोबी निघाला काय, कळायचं नाही." मी ही टीका वाङ्मयीन समजून हसले होते. वास्तविक ते दुखणे होते. त्यांचा उजवा खांदा तीन वर्षांपासून आखडलेला आहे. चॉपरला डाव्या हाताची घट्ट पकड लागते आणि उजव्या हाताचा आडवा हिसका. तो त्यांच्या खांद्याला जमत नाही. सुरी आणि कापण्याची फळी घेतली तर ओट्याशी उभे राहावे लागते, आणि त्यांना दहा मिनिटांपेक्षा जास्त उभे राहवत नाही. मांडी घालून मात्र त्या आजही तासभर बसतात. म्हणजे माझ्या घरातली एकूण एक सोयीची वस्तू उभ्या माणसासाठी होती, आणि बसलेल्या माणसासाठी होती ती एक विळीच.

या बसण्या-उभे राहण्याबद्दल आपण फारसा विचार करीत नाही. चूल जमिनीवर होती तोवर सगळा स्वयंपाक जमिनीवर होता. पाट, पोळपाट, पाटा, जाते, रवी, विळी ही सगळी बैठी कुळी. गॅस आला तसा ओटा आला आणि स्वयंपाकघर कमरेच्या उंचीवर गेले. विळी ही त्या बैठ्या कुळीतली बहुधा शेवटची. तिची रीतही सुरीच्या बरोबर उलट. सुरीच्या कामात भाजी स्थिर आणि पाते फिरते. विळीवर पाते स्थिर आणि भाजी फिरते. पाट पायाने दाबून धरला की दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात. दोन्ही हातांनी फणस धरता येतो, कोबीचा गड्डा फिरवत फिरवत केसासारखा उतरवता येतो, आणि पात्याच्या टोकाला खवणी असेल तर नारळही तिथेच. खांद्याचे काम त्यात जवळजवळ नाही. जे आहे ते मनगटाचे आणि बोटांचे. सासूबाईंच्या शरीरात नेमके तेवढेच शिल्लक होते, आणि मी तेच सुतळीने बांधून ठेवले होते.

येथे कुणी म्हणेल की बाई जुन्याच्या प्रेमात पडल्या. तसे नाही, आणि सासूबाई तर मुळीच तशा नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी जात्यावरच्या ओव्या शिकवते. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून दाखवले जाणारे जाते, तिला दळू लागायला आलेला विठ्ठल, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींनी घरोट्यावर रचलेली कविता, आणि गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या शेकडो गावांत फिरून गोळा केलेल्या लाखाहून अधिक ओव्या, हे सगळे सांगताना माझा आवाज थोडा भरून येतो, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. एका वर्षी या उत्साहात मी घरी येऊन सासूबाईंना विचारले, "आई, तुम्ही जात्यावर काय गात होता?" त्यांचे माहेर वाळवे तालुक्यातले, दहाव्या-अकराव्या वर्षापासून त्यांनी दळले आहे. त्या म्हणाल्या, "गाणारी गायची गं. मी पेंगत होते." थोड्या वेळाने आणखी म्हणाल्या, "गिरणीचं इंजिन गावात आलं त्या दिवशी माझ्या आईनं मारुतीला नारळ फोडला. ते लिही तुझ्या वहीत." मी ते वहीत लिहिले नाही, पण तेव्हापासून वर्गात सांगते. ओवी थोर आहे. पहाटे तीनला उठून चार पायली जोंधळे दळणे थोर नाही.

कुकरच्या बाबतीतही त्यांचे मत असेच रोकडे. हॉकिन्स १९५९ सालापासूनची कंपनी. सासूबाईंच्या घरी कुकर यायला १९७४ साल उजाडले. सासऱ्यांनी दिवाळीच्या बोनसमधून तो आणला. पहिले कित्येक दिवस त्या कुकर लावून दाराबाहेर उभ्या राहत आणि शिट्ट्या बाहेरून मोजत, कारण तो फुटतो अशी आळीत बोलवा होती. दाबामुळे आतले पाणी शंभराऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून डाळ लवकर शिजते हे सासऱ्यांनी समजावून सांगितले, त्यावर त्यांचे उत्तर, "मग फुटणार नाही तर काय होईल?" सासरे कुकरच्या भाताला 'वाफेचा भात' म्हणून नाक मुरडत. सासूबाईंनी त्यांना एक आठवडा पातेल्यातला भात वाढला, तोही अर्धा तास उशिरा, आणि ती तक्रार कायमची बंद झाली. वाचलेल्या तासात त्या शिवणाच्या क्लासला जाऊ लागल्या. माझ्या नवऱ्याच्या शाळेच्या सगळ्या चड्ड्या त्या क्लासच्या आहेत.

मिक्सरची कथा थोडी वेगळी. परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकत नसत. भिजवलेली डाळ, सुके खोबरे, हळकुंड या गोष्टींसाठी ते घडवलेलेच नव्हते. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने १९६०च्या दशकात 'सुमीत' घडवला तो आपल्या पत्नीचा, माधुरी माथुर यांचा, असाच एक मिक्सर जळाल्यावर. हिंदुस्थानी वाटणाला टिकेल अशी मोटर त्यातून आली आणि पाटा-वरवंटा घराघरांतून परसात गेला. आमचा पाटा मागच्या नळाशी आहे; त्यावर आता पायपुसणी धुतात. वरवंटा मात्र आत आहे, कारण बारशाला लागतो. त्याला कुंची घालून पाळण्यात बाळाच्या शेजारी निजवायचे असते. शेजारपाजारी कुणाकडे बारसे निघाले की आमचा वरवंटा उसना जातो आणि हळदकुंकू लावून घेऊन परत येतो. स्वयंपाकातून निवृत्त झालेल्या वस्तूंना आपण संस्कारांत नोकरी देतो, असे मला कधीकधी वाटते. चटणीबद्दल एवढेच सांगते, की पाट्यावर लसूण-खोबरे चिरडले जाते, त्यातले तेल सुटते. मिक्सरचे पाते त्याचे तुकडे करते. चवीत फरक आहे. तो सासूबाईंनाही मान्य आहे. "पण माझा खांदा त्या चटणीतच गेला," असेही त्या म्हणतात.

तेव्हा प्रश्न जुन्या-नव्याचा नव्हता. तो कोणता होता हे कळायला मला एका पुस्तकाची मदत झाली. रूथ श्वार्त्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंचे 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक १९८३ साली निघाले. नवी यंत्रे घरात आली तरी गृहिणीचे काम कमी का झाले नाही, याचा शोध त्यात आहे. त्यांचे एक निरीक्षण मला विशेष वाटले: लोखंडी शेगडी, गिरणीचे पीठ, नळाचे पाणी यांनी आधी वाचवले ते पुरुषांचे आणि मुलांचे काम. लाकूड फोडणारा नवरा, पाणी भरणारा मुलगा मोकळे झाले. बाई होती तिथेच राहिली, आणि तिच्याकडून अपेक्षा मात्र वाढल्या. हे वाचताना मी समासात मोठ्या ऐटीत 'आपल्याकडेही हेच!' असे लिहून ठेवले होते. यंत्र नुसते काम कमी करीत नाही, घरातल्या कोणाचे काम काढून घ्यायचे तेही ठरवते. आमच्या घरी ठरवणारी मी होते आणि काम गेले ते सासूबाईंचे. जाते त्यांनी आनंदाने सोडले होते, पाटा सोडला होता, चुलीचे तर नावही त्या काढत नाहीत. विळी त्यांनी सोडली नव्हती. ती त्यांच्याकडून सोडवली गेली, तीही न विचारता.

हे एवढे सगळे मला समजले आणि तरीही मी विळी खाली काढली नाही. हे लिहिताना लाज वाटते. पण त्या दिवशीचे ते लाल झालेले ताट माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हते. काही निर्णय चुकीचे आहेत हे कळूनही आपण ते रेटत राहतो, कारण उलट निर्णयाची जबाबदारी नको असते.

विळी खाली काढली ती मुलाने. हरतालिकेचा दिवस होता. दुसऱ्या दिवशीच्या मोदकांसाठी नारळ हवे होते. मी आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते की खोबऱ्याचे तुकडे करून मिक्सरमधून काढू. कॉलेजातून आले तर स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेले, मधोमध विळी, तिच्यावर पाय देऊन माझा एकोणीस वर्षांचा मुलगा अवघडून बसलेला, आणि समोर पाटावर सासूबाई. त्यांनी त्याचे मनगट धरले होते. "करवंटी फिरव. हात नको फिरवूस. खवणी कुठं जात नाही, तू कुठं निघालास?" ताटात पांढरेशुभ्र खोबरे पडत होते, मधूनमधून करवंटीचा तपकिरी चुरा.

मी चिडले. कुणावर ते मला सांगता येणार नाही. मुलाला म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं ती काढायला?" त्याने आजीकडे पाहिले. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी सांगितलं. टाके मला पडले होते. रुसून बसलीस तू."

मुलगा हसला. मला हसू आले नाही. मी उभ्याउभ्याच त्यांना डॉक्टर, गोळी, वय, सगळे पुन्हा ऐकवले. त्यांनी ऐकून घेतले. मग शांतपणे, एखाद्या परक्या बाईची हकीकत सांगावी तशा म्हणाल्या, "अगं, सकाळी उठल्यावर हातात काही येत नाही. मग मी उठू कशाला, असं होतं." एवढेच. त्यांनी पुन्हा नातवाचे मनगट धरले. मी पर्स ठेवायला खोलीत गेले आणि बराच वेळ तिथेच थांबले.

त्यानंतर आमच्यात पहिल्यांदाच बोलून करार झाला. पालेभाजी, दोडका, काकडी, शेवग्याच्या शेंगा त्यांच्याकडे. लाल भोपळा, सुरण, कच्चा फणस या दांडग्या भाज्या मुलाकडे. त्या त्याने ओट्यावर, सुरीने कापायच्या. त्या एकट्या घरी असताना विळी उघडायची नाही. ही शेवटची अट त्यांनी नुसती मान हलवून मान्य केली, त्यामुळे ती पाळली जाते की नाही हे मला नक्की सांगता येत नाही. विळीशेजारी एका डब्यात कापूस आणि पट्टी ठेवली आहे. डॉक्टरांना मी पुन्हा विचारले नाही. ते काय म्हणतील ते ठाऊक होते, आणि त्यांचे बरोबरच असणार. चॉपर आहेच. सकाळी घाई असली की कांदा मी त्यातच करते आणि सासूबाई तिकडे न बघण्याचे सौजन्य दाखवतात.

मुलाला काकडी अजून चोचवता येत नाही. तुकडे पडतात, कधी अर्धी काकडीच ताटात येते. आजी ती गुपचूप उचलून पुन्हा हातात घेतात. त्याच्या पिढीला जमिनीवर बसायची सवय नाही. दहा मिनिटांत त्याच्या पायाला मुंग्या येतात. मग तो ओट्याला टेकून उभा राहतो आणि ती बसलेली, अशा त्यांच्या गप्पा चालतात. मी पोळ्या लाटत ऐकते. परवा विषय होता ओवीचा. माझ्या पाठ्यपुस्तकात डोकावून त्याने विचारले होते, "आजी, तुला एक तरी येते का?" त्या म्हणाल्या, "एक येते, पण ती तुझ्या आईच्या वर्गात चालायची नाही." काय ते त्याला कानात सांगितले. दोघे फार वेळ हसत होते. मला अजून कळलेले नाही.

सध्या तक्रार आहे ती पात्याबद्दल. महिनाभर माळ्यावर राहून आणि नंतर नारळावर चालून ते बोथट झाले आहे. बोथट पात्यावर जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात घसरतो, तेव्हा धार लावून आणणे हेच सुरक्षित, असे सासूबाईंचे म्हणणे. मी दोन वेळा ते ऐकले न ऐकलेसे केले. त्यांचे म्हणणे तर्काला सोडून नाही. धारवाला आमच्या गल्लीत गुरुवारी येतो, आणि गुरुवारी माझे सकाळचे लेक्चर असते. बुधवारी रात्रीच विळी कागदात गुंडाळून पैशांसकट दाराशी काढून ठेवावी लागेल.